कोळसा टाकून द्या, काका!

मासे विकायला बसलं की किस्से फुकट मिळतात. टँक भरला तर पाइप लावून रिकामा करता येतो, डोकं कसं रिकामं करणार? माझ्या मैत्रिणी हल्ली "आज काय झालं?" असं विचारतच नाहीत. थेट विचारतात, "आज कोण आलं होतं?"

माझं दुकान रत्नागिरीत, मारुती मंदिराकडून आत जाणाऱ्या एका गल्लीत. मामाचा गाळा रिकामा होता आणि झूलॉजीत एम.एस्सी. करून मीही रिकामी होते. दोघांचं जमलं. शोभेचे मासे, टँक, फिल्टर, खाद्य, सगळं मिळतं. माझे बाबा हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी सगळे टँक एकेक करून पाहिले आणि पेढा तोंडात टाकत म्हणाले, "एवढं शिकून मासे विकणार? ते पण न खाण्याचे!"

शेवटी तह झाला. पुढच्या जूनपर्यंत दुकान चालवून दाखवायचं. नाही चाललं तर शटर खाली आणि मी बी.एड.ला. बाबांचे शाळेपासूनचे मित्र पवारसर एका बी.एड. कॉलेजात आहेत, ते माझ्यासाठी एक जागा बघून ठेवणार होते. आणि दुकान चाललं की नाही, हे ठरवणार कोण? बाबा!

आता माझ्या सगळ्या भांडणांचं मूळ सांगते. टँकच्या फिल्टरमध्ये कार्बनची एक पिशवी असते. आत काळे दाणे. पाण्याचा पिवळेपणा, वास, उरलेलं औषध हे सगळं ते दाणे धरून ठेवतात. साधारण महिनाभरात त्यांची धरायची जागा संपते. मग ती पिशवी टाकून द्यायची आणि नवीन घालायची. बस! यातलं बाकी सगळं लोकांना समजतं. फक्त "टाकून द्यायची" एवढंच आमच्या वडीलधाऱ्या मंडळींना समजत नाही.

*

पहिल्या नंबरावर नाचणकर काकू. नातवासाठी टँक नेला होता. मे महिन्यात फोन आला, "गो, तुझा तो कोळसा चांगला हाय हां. मी पिशवीतून काढून धुतला, गच्चीवर वाळत घातलाय, वाळला की परत घालतंय."

मी म्हटलं, "काकू, उन्हात वाळवून तो परत नवा होत नाही. टाकून द्या."

"उन्हात काय नवा होत नाय? गाद्या होतात, मिरच्या होतात, तांदूळ होतो!"

"पण कार्बन होत नाही!"

"बघू," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. म्हणजे बघणार नाहीत.

दोन दिवसांनी काकू स्वतःच दुकानात आल्या. तोंड बारीक. गच्चीवर कार्बनच्या शेजारच्या चादरीवर आमसुलं वाळत होती. दुपारी वारा सुटला आणि कार्बन उडून आमसुलांवर गेला. दोन्ही काळं, कुणाला कळलंच नाही! त्या आमसुलांची सोलकढी झाली आणि काका ती दोन वाट्या प्यायले.

मी घाबरून विचारलं, "मग? काही त्रास?"

"त्रास कसला! म्हणाले, यंदाची आमसुलं कुरकुरीत झालीत."

*

भाट्याचे सुर्वे आप्पा म्हणजे वाडीत माड किती आहेत हे विचारलेलं न आवडणारा माणूस, कारण मोजायला वेळ लागतो. त्यांनी कार्बनचं पाकीट चष्मा लावून वाचलं आणि दुकानात माझ्यावर डाफरले. "ह्यात लिवलंय काय? करवंटीपासून बनवलेला! आमच्या अंगणात करवंट्यांचा ढीग पडलाय आणि मी तुझ्याकडून करवंटी विकत नेऊ?"

मी समजावलं. करवंटीच, पण ती कारखान्यात प्रचंड तापवून, वाफ सोडून तयार करतात, तेव्हा दाण्यात बारीक बारीक छिद्रं पडतात. चुलीतला कोळसा वेगळा. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. वडीलधारी माणसं शांतपणे ऐकून घेतात तेव्हा मला फार भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी फोन. "पोरी, टँकातली लाइट गेली बहुतेक. मासे दिसत नायत."

मी स्कूटर काढली. लाइट चालू होती. पाणी असं काळं झालं होतं की मासे आहेत की नाहीत तेच कळेना. आप्पांनी अंगणात करवंट्या जाळून, नारळाला ठोकतात तसं ठोकून, राखेसकट फिल्टरमध्ये भरल्या होत्या!

मी इतकी भडकले की वय वगैरे विसरले. "आप्पा, राखेने मासे मरतील! बादली आणा आधी!"

आप्पांनी बादली आणली. आम्ही हाताने चाचपून एकेक गोल्डफिश बाहेर काढला. सगळे जिवंत. पाणी बदललं, फिल्टर धुतला, माझा कार्बन घातला. संध्याकाळपर्यंत टँक लख्ख आणि मासे सोन्यासारखे. मी विजयी मुद्रेने आप्पांकडे पाहिलं.

आप्पा काचेला नाक लावून म्हणाले, "छान. पण तुझ्या पाकिटात कुठल्या गावची करवंटी हाय, ता तुला तरी ठाऊक हाय काय?"

*

एक किस्सा अगदी छोटा आहे.

मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाने गावच्या घरी वडिलांसाठी टँक आणून दिला आणि तो परत गेला. वडील म्हणजे तात्या. दोन महिने झाले तरी पाण्याचा वास जाईना, म्हणून तात्या फिल्टरच उचलून दुकानात घेऊन आले. मी उघडला. कार्बनची पिशवी आत व्यवस्थित बसवलेली, पण बाहेरच्या प्लास्टिकसकट! सील जसंच्या तसं.

"तात्या, प्लास्टिक काढलं नाहीत?"

तात्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "सील फोडल्यावर वॉरंटी देशील काय तू?"

*

मध्ये एकदा मी धंदा वाढवायचं ठरवलं आणि कार्बनचा मोठा खोका मागवला. बाबा जेवताना म्हणाले, "खोका संपला तर मी मिशा काढीन." बाबांना मिशा नाहीत.

त्याच आठवड्यात एक बाई आल्या आणि कार्बनच्या चार पिशव्या मागितल्या. मी खूश! एवढा मोठा टँक असलेलं गिऱ्हाईक आपल्याला माहीत कसं नाही?

"कुठले मासे आहेत तुमच्याकडे?"

"सुरमई, बांगडा. थोडे बोंबील."

"टँकमध्ये?"

"फ्रीजमध्ये!" त्यांनी आवाज खाली आणला. "वास जातो गो. मी सगळ्या भिशीत सांगितलंय."

खोका मासे पाळणाऱ्यांनी नाही, मासे खाणाऱ्यांनी संपवला. बाबांना हे मी आजतागायत सांगितलेलं नाही.

*

पोफळीच्या वीज प्रकल्पातून निवृत्त होऊन रत्नागिरीत राहायला आलेले एक काका आहेत. फिल्टर कसा लावायचा हे सांगायला गेले की त्यांचं एकच उत्तर, "पोरी, मी पॉवर हाउस चालवलंय."

त्यांच्या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. मी निळं औषध दिलं आणि बजावलं, "औषध चालू आहे तोवर कार्बन काढून ठेवा. नाहीतर कार्बन औषधच खेचून घेईल." काका म्हणाले, "पॉवर हाउस…" मी म्हटलं, "कळलं!"

आठवड्याने काका दुकानात येऊन ओरडायलाच लागले. "बोगस औषध देतेस! सकाळी घालतो तेव्हा पाणी निळं होतं, संध्याकाळी बघतो तर स्वच्छ! मासे तसेच! पॉवर हाउसमध्ये असा माल आला असता तर मी गेटवरून परत पाठवला असता!"

माझंही डोकं तापलं. मी त्यांच्याबरोबर घरी गेले. फिल्टर उघडला, तर आत कार्बन! काका म्हणाले, "मी तर काढला होता!" आणि आम्ही दोघांनी एकदमच स्वयंपाकघराकडे पाहिलं.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अहो, घरात येणारीजाणारी माणसं असतात. हॉलमध्ये निळं पाणी कसं दिसतं! हे बाजारात गेले की मी घालायचे हो कोळसा. पाणी साफ झालं की काढून ठेवायचे. आज राहून गेलं."

म्हणजे आठवडाभर सकाळी काकांनी औषध घालायचं आणि दुपारी काकूंनी ते काढायचं! मी काहीतरी कडक बोलणार होते. पण काका खुर्चीत बसले आणि एकदम शांत आवाजात म्हणाले, "लग्न झाल्यापासून हेच चाललंय. मी घालतो, ही काढते."

काकू म्हणाल्या, "म्हणून घर स्वच्छ आहे."

काकूंकडून कार्बनला हात न लावण्याची शपथ घेतली. मासे बरे झाले. काकांनी त्याचं श्रेय पॉवर हाउसला दिलं.

*

घरातला माणूस सगळ्यात कठीण. आमच्या हॉलमध्येही मी टँक ठेवलाय, आणि मी त्यातला कार्बन बदलायला घेतला की बाबा पेपर खाली करून नेमके विचारतात, "नवा काळा, जुनाही काळा. संपला हे तुला कळतं कसं?"

एका रविवारी मी म्हटलं, आता दाखवतेच. दोन ग्लासांत पाणी घेतलं, दोन्हीत निळ्या औषधाचा एकेक थेंब टाकला. एकात नवा कार्बन, एकात महिनाभर वापरलेला. चांगले ढवळले आणि बाबांच्या पोह्यांच्या बशीशेजारी ठेवले. बाबा पोहे खात होते, चहा पीत होते आणि पेपरच्या कडेवरून ग्लासांकडे बघत होते. त्यांची आंघोळ होईपर्यंत नव्या कार्बनच्या ग्लासातलं पाणी नितळ झालं. जुन्याचं होतं तसंच निळं!

मी म्हटलं, "बोला आता! अधिशोषण! शाळेत मला तुम्हीच शिकवलंत हे. कार्बनच्या पृष्ठभागावर रेणू चिकटतात, आठवतंय?"

बाबांनी दोन्ही ग्लास उजेडात धरून पाहिले. फार वेळ पाहिले. मग म्हणाले, "शिकवलं होतं. विश्वास ठेवला होता असं कुठे म्हटलं?"

आई आतून ओरडली, "ते ग्लास पाहुण्यांचे आहेत!"

*

जून उजाडला आणि बाबा रोज दुकानात येऊन बसायला लागले. इन्स्पेक्टर शाळेच्या तपासणीला येतात तसे. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे, छत्री गुडघ्यांत धरायची. गिऱ्हाईक आलं की मान वर, गेलं की मान खाली. माझा जीव अर्धा व्हायचा. विचारलं, "काय वाटतं?" तर म्हणायचे, "बघतोय."

एके दिवशी दुपारी फारच भूक लागली. मी म्हटलं, "बाबा, घरी जाऊन जेवून येते. कुणी आलं तर काही विकू नका आणि काही सांगू तर अजिबात नका."

परत आले तेव्हा दुकानासमोर पवारसरांची स्कूटर उभी! मी आत गेलेच नाही. दाराबाहेर रिकाम्या टँकांची चळत होती, तिच्या मागे उभी राहिले. काचांतून सगळं दिसत होतं. पवारसर काउंटरच्या अलीकडे आणि स्टूल काउंटरच्या पलीकडे नेऊन बसलेले बाबा.

पवारसर म्हणत होते, "घरी गेलो, वहिनी म्हणाल्या तू इकडे. अरे, उद्यापर्यंतच जागा धरून ठेवता येईल मला. पोरीचं नाव देऊन टाकू ना?"

बाबा काउंटरवरच्या कार्बनच्या पिशव्या सरळ करायला लागले.

पवारसरांनी काउंटरवरची पिशवी उचलली. "आणि हे काय? म्हातारपणी कोळसा विकायला बसलास?"

"कोळसा नाही. ॲक्टिव्हेटेड कार्बन."

"तेच ते!"

"तेच ते नाही. महिनाभर वापरायचा आणि टाकून द्यायचा."

"टाकायचा कशाला? धुऊन परत घालायचा."

"धुऊन!" बाबांनी कपाळाला हात लावला. "तुम्हा मास्तर लोकांना कुठलीच गोष्ट सोडवत नाही, हाच तर त्रास आहे."

पवारसरांनी पिशवी उलटसुलट करून पाहिली. मग वैतागून म्हणाले, "बरं बाबा, कार्बन तर कार्बन. तू मला जागेचं सांग. पोरगी येणार की नाही? हो की नाही, एका शब्दात!"

बाबांनी पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली, जागच्या जागी नीट ठेवली आणि बालमित्राकडे अनोळखी माणसासारखं बघत म्हणाले, "ते मला नाही सांगता येणार, साहेब. मी इथे नवीन आहे. मॅडम जेवायला गेल्यात. आल्या की त्यांना विचारा."