जवसाची भेसळ

हे मी घरातही कधी बोललो नाही. ताज्या करडई तेलाचा वास आला आणि निजामाच्या अमलातला नळदुर्गचा बाजार आठवला. माझा घाणा नवा होता; तेलात मी स्वस्त जवसाचं तेल मिसळलं होतं. एका बाईनं भर बाजारात बोंब मारली. जुने तेलव्यापारी बसप्पाअण्णा आले, तेल तळहातावर चोळून त्यांनी हुंगलं.

“माय, चूक माझी हाय. माझ्याच घाण्यातलं तेल ह्यानं आणलंय.”

मग माझ्या कानाशी म्हणाले, “उद्या माझ्या घाण्यावर ये. बैल तुझ्यापरीस शाना हाय, त्याच्यापासनं शीक.”

वर्षभर शिकलो. आज लोक डोळे झाकून माझं तेल नेतात, याचा अभिमान आहे. अण्णा गेले. चूक माझी होती, हे त्या बाजारात उभं राहून सांगणं अजून बाकी आहे.