सरळ विचारायचं

पस्तिशीत कॉलेजात जायला लागले तेव्हा कुंभिवलीतल्या बायांनी माझी चांगलीच चेष्टा केली. "येड्यांची डॉक्टरीन होनार का गं तू?" कर्जतचा वर्षभराचा कोर्स, मानसिक आणि सामाजिक आरोग्य सेवेचा. मी म्हणायचे, हो, पहिली पेशंट तूच. जीभ माझी पहिल्यापासूनच तिखट.

पण एका प्रश्नापाशी तीच जीभ अडायची. मॅडमनी शिकवलं होतं, माणूस फार खचलेला दिसला तर सरळ विचारायचं, "मरून जावंसं वाटतं का?" विचारल्याने कुणी मरत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते. वर्गात जोड्या करून सराव होता. आम्ही सगळ्या बाया एकजात "काही बरंवाईट करावंसं वाटतं का?" असंच विचारत होतो. मॅडम वैतागल्या. "बरंवाईट काय? तो शब्द उच्चारा!" एकीने उच्चारला आणि लगेच स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं. आम्ही खूप हसलो. मला वाटलं, वेळ आली की जमेल.

वेळ आली ती घरातच. माझी धाकटी जाऊ बाळंत होऊन दोनेक महिने झाले होते. दीर माथेरानला हॉटेलात कामाला, आठवड्याने यायचा. ही बाळाला पाजायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. जेवणावरची वासनाच उडालेली. सासूबाई म्हणायच्या, "बाळंतीन हाय, व्हईल बरी." एका संध्याकाळी मी शिळफाट्यावरून बाजार घेऊन आले, तर तिने आपल्या नव्याकोऱ्या साड्या माझ्या पलंगावर आणून ठेवलेल्या. "तुमाला ऱ्हाऊ द्या ताई. मला काय करायच्यात?"

आपल्या वस्तू अशा देऊन टाकणाऱ्या माणसाबद्दल मॅडम बोलल्या होत्या. तिच्याजवळ बसले आणि विचारलं काय? "काही बरंवाईट तर मनात नाही ना गं?"

"नाय ओ ताई," म्हणून ती भिंतीकडे वळली.

असा राग आला मला स्वतःचा! असं विचारल्यावर कोण हो म्हणेल? खांदा धरून तिला वळवलं. "मरून जावंसं वाटतं का तुला?"

दिवा लावत असलेल्या सासूबाई तशाच धावत आल्या. "जळलं मेलं तुझं तोंड! दिवेलागनीला घरात असलं बोलतीस? वास्तू तथास्तु म्हनते! हेच शिकवतात व्हय कॉलेजात?"

"आई, गप बसा!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. बाळ रडायला लागलं. जावेने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"वाटतं," ती म्हणाली. "रोज वाटतं. शेतातल्या औषधाचा डबा कुठं हाय, ते बी बघून ठेवलंय."

सासूबाईंच्या हातातली काडेपेटी पडली. मी मागच्या पडवीतून डबा उचलला, शेजारी नेऊन दिला, कुलपात ठेवा म्हटलं. तिथूनच दिराला फोन लावला, आत्ताच्या आत्ता खाली उतर, सकाळी हिला डॉक्टरकडे न्यायचंय. आणि धावत परत आले. जिवाला एकच घोर, म्हातारी तिला टाकून बोलणार आणि ती पुन्हा गप होणार.

सासूबाई तिच्या अंथरुणात बसल्या होत्या. बाळ एका मांडीवर, तिचं डोकं दुसरीवर. खाली वाकून त्या तिला विचारत होत्या, "आन आता? आता बी मरावंसं वाटतंय का गं?"

"वाटतंय, आई."

"बरं. मग मी हितनं उठतच नाय."