सिद्धम्माआजीचं वाळूतलं अंगण

सिद्धम्माआजीनं अंगणाच्या कोपऱ्यात सोनं पुरलंय, असं आमच्या गल्लीत सगळ्यांचं म्हणणं होतं. रोज सकाळी ती तिथं उकिडवी बसायची, उकरायची, आत हात घालायची आणि परत सगळं झाकून टाकायची. महानंदाकाकू तर पाटल्या किती जुन्या असतील इथपर्यंत पोचल्या होत्या.

सोनंबिनं काही नव्हतं. बेलाची पानं होती.

आजी उदगीरकडची, लिंगायत. पूजेचा बेल कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचा न्हाई, हा तिचा नेम. गावाकडं तो शेताच्या बांधाला जायचा. इथं विष्णुपुरीच्या रस्त्याला, तिच्या लेकाच्या, म्हणजे वीरेशदादाच्या नव्या घरी बांध कुठला? म्हणून तिनं कोपऱ्यात खड्डा केला, त्यात पानं-फुलं टाकली आणि कुत्री उकरतील म्हणून वर तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, दाबल्या.

बाकी अंगण म्हणजे निव्वळ वाळू. बादली ओता, वाळू ढेकरसुद्धा द्यायची नाही. आजीनं आल्या आल्या त्यावर उपाय केला, तोही आमच्याच मुलखातलं माणूस करील असा. "माती म्हंजे काळी. बाकी समदी धूळ," असं म्हणून तिनं गावाहून टेम्पोभर काळी माती आणवली आणि भाकरीवर लोणी थापावं तशी वाळूवर थापली. पावसाळ्यात वर नुसता राडा झाला, त्यात लावलेला मोगरा कुजून गेला. उन्हाळ्यात अशा भेगा पडल्या की आजीची जपमाळ एकीत गेली आणि तारेच्या आकड्यानं काढावी लागली.

वीरेशदादा म्हणाला, "आई, प्रॅक्टिकल बोल." हे त्याचं नेहमीचं वाक्य. सिमेंटचे गट्टू बसवायचे आणि गाडी लावायची, असं त्यानं ठरवून टाकलं. आजीनं पुढच्या शिवरात्रीपर्यंत थांब म्हणून सांगितलं. मला मात्र ती हळूच म्हणाली, "गावाकडं हाताला माती होती, यव्वा. इथं नुसता रिमोट हाय." 'यव्वा' म्हणजे बाळे, हे तिचं लाडाचं कानडी.

मग ऐन वैशाखात बेल टाकायला तिनं तुराट्या उचलल्या, तर खालची वाळू गार. ओली. त्यात चक्क गांडूळ. त्या दिवसापासून ती रोज हात घालून बघायला लागली, आणि आमच्या गल्लीला सोनं दिसायला लागलं.

थापलेली काळी माती तिनं खरवडली, ढेकळं फोडली, चिमटी-चिमटीनं वाळूतच कालवली. शेणखत घातलं. गल्लीतल्या सगळ्या देवघरांतलं निर्माल्य मागून आणलं, वर तुराट्या पसरल्या. मोगऱ्याचा हट्ट सोडला. आषाढात रताळ्याचे वेल लावले, कण्हेर लावली आणि शेवगा लावला. म्हणाली, वाळूला जे आवडतं तेच आता मला आवडतं.

मी शेजारची, मधल्या भिंतीवर बसून तिची नक्कल करायचे. घरी, शाळेत सगळे मला तोंड बंद कर म्हणतात. आजी म्हणायची, "न्हाई न्हाई, हेल चुकला. 'यव्वा' अजून लांबव." माझं तोंड उघडं ठेवायला सांगणारं ते पहिलंच माणूस. त्या शेवग्याची काडी बघून मी वीरेशदादाच्या आवाजात म्हटलं होतं, "आई, प्रॅक्टिकल बोल. ह्याला फूल येणार न्हाई." आजीनं तिथंच पैज लावली. शिवरात्रीआधी फुलला नाही, तर दर सोमवारी मला हुग्गी, ती त्यांच्याकडची गव्हाची गोड खीर. फुलला, तर हाच वीरेशदादा वीरेशदादासमोर करून दाखवायचा. मी तर वाटीसुद्धा निवडून ठेवली होती.

शिवरात्रीच्या आदल्या सकाळी गट्टूवाला मोजमापाला येणार होता. त्याआधी आजीनं भिंतीवरून हाक मारली. शेवग्याला पांढरे घोस लागले होते आणि मधमाश्या माझ्याआधी हजर होत्या.

वीरेशदादा हाताची घडी घालून उभा. मी घसा खाकरला, पोट पुढं काढलं आणि त्याच्यासमोरच वीरेशदादा केला. अख्खा, खिशातली किल्ली खुळखुळवण्यासकट. त्याची बायको दामिनीवहिनी पदरात तोंड घालून आत पळाली. वीरेशदादा खाली वाकला, तुराट्यांखाली हात घातला आणि तसाच बसून राहिला.

शेवटी त्यानं गट्टूवाल्याला फोन लावून माझ्या हातात दिला. "सांग त्याला. माझ्याच आवाजात."

मी सांगितलं, "गट्टू राहू द्या. पुढच्या वर्षी बघू."

"पुढचं वर्ष कुणी सांगितलं?" आजी म्हणाली. "नीट कर."

मी परत त्याच्याच आवाजात सांगितलं, "गट्टू नकोत."