चालू असलेली लाइन

भिवापूरच्या आमच्या शाखेत मिरचीच्या हंगामात सकाळपासून गर्दी असते. अशाच एका सकाळी शाखेतल्या बाईंचा फोन आला. त्या तिथल्या शाखाधिकारी.

"साहेब, लाइन गेली. लोक रांगेत उभे आहेत."

मी प्रताप नगरच्या मुख्य कार्यालयात बसतो. पतसंस्थेच्या शाखांना जोडणाऱ्या भाड्याच्या लाइनी सांभाळणं हे माझं काम. मी राउटरला विचारलं. लाइन चालू, असं उत्तर आलं. पण पुढं कंसात एक शब्द होता. त्याचा अर्थ असा की राउटर पाठवतो तेच त्याच्याकडं परत येतं. बिचारा सकाळपासून स्वतःशीच बोलत होता आणि पलीकडून ओ येते म्हणून खूश होता.

"बाई, इथून लाइन चालू दिसते."

"मंग इथं काहून नाही दिसून राहिली?"

"कारण ती तुमच्यापर्यंत येत नाही. मधूनच माघारी फिरते."

"मी लोकायले काय सांगू? लाइन चालू आहे, पण येत नाही?"

मी टेलिफोन कंपनीला तक्रार द्यायला फोन केला. तिकडच्या मॅडमनी लाइनचा नंबर घेतला, संगणकात पाहिलं आणि सांगितलं, "तुमची लाइन चालू आहे. चालू लाइनची तक्रार घेता येत नाही."

तीनदा समजावलं. तीनदा तेच उत्तर. शेवटी गाडी काढली आणि एक्स्चेंज गाठलं.

तिथल्या तंत्रज्ञानं मला तारांच्या घोड्यापाशी, म्हणजे सगळ्या लाइनी जिथं जोडतात त्या लोखंडी चौकटीपाशी, नेलं आणि एका वीतभर वायरकडं बोट दाखवलं. "हे पाहा. काल टेस्टिंग केली तं लूप टाकला होता. काढाचा राहून गेला." आमची जाणारी तार त्यानं येणाऱ्या तारेला जोडून ठेवली होती.

"मग काढा ना."

"तक्रार कुठाय? तक्रारीबिगर मी हात नाही लावू शकत जी. मागं एकाची लाइन अशीच नीट करून देल्ली, तं मलेच मेमो भेटला."

तक्रार घेणाऱ्या मॅडम त्याच खोलीत, तीन टेबलं सोडून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग संगणकाकडं. "सर, चालू आहे."

तंत्रज्ञाला माझी कीव आली असावी. तो हळूच म्हणाला, "तुमचं मोडेम बंद करा न. लाइन पडते. पडली का मॅडम तक्रार घेते."

मी ऑफिसात फोन लावला. रोखपालाशिवाय तिथं मोकळं कोणी नव्हतं. त्यांना मोडेमचं बटण दाबायला सांगितलं. त्यांनी आधी एसी बंद केला, मग पंखा. मग कुठं मोडेम बंद झालं. लगेच मॅडम म्हणाल्या, "अरे, आता बंद दिसते. घेते तक्रार." त्यांनी तक्रार नोंदवली आणि मान वर न करता तंत्रज्ञाला हाक मारली. त्यानं दोन बोटांनी वायर उपसली.

"आता मोडेम सुरू करा म्हणा."

भिवापूरहून बाईंचा फोन आला तेव्हा मी एक्स्चेंजच्या पायऱ्यांवर होतो. "आली साहेब. काय झालं होतं?"

"चालू होती. बंद करून सुरू केली."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मागं पावत्या निघायला लागल्याचा आवाज आला. मला एकदम हलकं वाटलं.

ऑफिसात पोहोचलो तेव्हा व्यवस्थापक मोबाइल हातात घेऊन दारातच उभे होते. तक्रार निकाली निघाल्याचा संदेश त्यांच्या नंबरवर आला होता. त्यात कारण दिलं होतं: ग्राहकानं मोडेम बंद ठेवल्यामुळे लाइन बंद, सुरू करण्यास सांगितले.

"मोडेम आपण बंद ठेवलं होतं?"

"हो," मी म्हणालो.

"कोणी सांगितलं बंद करायला?"

"कंपनीच्याच माणसानं. लाइन सुरू व्हावी म्हणून."

त्यांनी रोखपालांना बोलावून मोडेमच्या बटणावर चिकटपट्टी लावून घेतली, आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'हात लावू नये'. एसी मात्र त्या दिवशी कोणी पुन्हा सुरू केलाच नाही.