क्रँक ओढायचा पुलर

मुलानं हॉलंडमध्ये, डेल्फ्टला, जुन्या सायकलीला नवा क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, बसवायला घेतला, म्हणून माझं दुकान गेल्याचं मला कळलं. नाहीतर कुणी सांगितलं नसतं.

नातीच्या जन्मासाठी तीन महिने म्हणून आले, आणि करोनामुळे विमानं थांबली. बार्शीला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. नवरा गेल्यावर मी एकटीनं चालवलं. शाळा चौथीपर्यंतच, पण सायकलीतलं मला कुणी शिकवू नये. दुकानाचं विचारलं की मुलगा म्हणायचा, तिकडे सगळंच बंद आहे. ते खरं होतं, म्हणून मी पुढं विचारत नव्हते.

घरून काम करून तो कंटाळला. इंटरनेटवरून क्रँक मागवला. त्यात उजव्या दांड्यालाच जोडलेला जाड, पोकळ ॲक्सल होता. सायकलीतला जुना ॲक्सल चौकोनी टोकांचा, बारीक. मी म्हटलं, ॲक्सल ज्यात फिरतो त्या जुन्या वाट्यांत हा जाणार नाही. आधी फ्रेमच्या नळीची रुंदी मोज, आटे आहेत का बघ, मग त्याला जुळतील अशा वाट्या मागव. तो म्हणाला, व्हिडिओत सगळं आहे. मग वाट्या आल्या त्या बिनआट्यांच्या, दाबून बसवायच्या. फ्रेमला तर आटे होते. जुन्या वाटीच्या कडेला पान्याच्या खाचा सरळ दिसत होत्या. इंजिनियर माणूस, पण खाली वाकून बघितलं नाही.

मग मला विचारलं. मी नळी मोजली, अडुसष्ट मिलिमीटर, आणि त्याप्रमाणे आट्यांच्या वाट्या मागवल्या. पण जुना दांडा निघेना. तो हातोडी घेऊन बसला होता. मी सांगितलं, याला दांडा ओढून काढायचा पुलर लागतो, माझ्या दुकानात खिळ्याला टांगलाय. शेजारच्या शिंप्याकडे किल्ली आहे, त्याला फोनवर दाखवायला सांग, म्हणजे तसाच इथं मागवता येईल.

पहिल्या दिवशी म्हणाला, शिंपी फोन उचलत नाही. दुसऱ्या दिवशी, तिकडे नेटवर्क नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, राहू दे, मी पुलर शोधून मागवलाय. त्याची मीटिंग चालू असताना मीच फोन लावला. शिंप्याच्या बायकोनं लगेच उचलला.

"मावशी, तुमच्या जागेत मोबाईलवाला बसतो की. दिवाळीपासून. तुमच्या लेकानंच करार सोडला. तुम्हाला ठाऊक न्हाई व्हय?"

सामानाचं विचारलं. भंगारवाल्यानं दोन खेपांत नेलं म्हणे.

"ठाऊक आहे मला," म्हणाले आणि फोन ठेवला. जागेचा भाडेकरार मीच मुलाच्या नावावर करून ठेवला होता. माझ्यामागे त्याला त्रास नको म्हणून.

जेवताना विचारलं, दुकान का सोडलंस. त्यानं बायकोकडं बघितलं. म्हणजे तिलाही माहीत होतं.

"आई, या वयात तू पंक्चर काढत बसणार का? इथं तुला काय कमी आहे?"

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस."

तो भात कालवत राहिला.

पुलर आला. आम्ही इमारतीखालच्या सायकलींच्या खोलीत गेलो. दांडा निघाला. उजव्या वाटीचे आटे उलटे असतात, तो सरळ समजून पाना मारत होता, वाटी आणखी घट्ट करत होता. पाना काढून घेतला आणि सगळं मीच केलं. आटे पुसले, ग्रीस लावलं, नव्या वाट्या हातानं फिरवून आत नेल्या आणि मग पान्यानं आवळल्या. ॲक्सल आरपार गेला. चिडले म्हणून काम वाईट करायची मला सवय नाही. क्रँक लोण्यासारखा फिरला. तो "वा" म्हणाला. मी पुलर पुसून माझ्या पिशवीत टाकला. त्यानं बघितलं.

विमानं सुरू झाल्यावर बार्शीला परत आले. आता शिंप्याच्या ओट्यावर सायकली दुरुस्त करत बसते. पहिला खिळा ठोकला तो पुलरसाठी.

परवा मुलाचा फोन आला. पायडल मारताना कटकट आवाज येतो म्हणाला, काय करू?

मी म्हटलं, "दुकानात दाखव."