मांडीतून निघालेलं हाड

ही केस आठवली की आजही मी चालता चालता खाली पायाकडे बघते. नातवंडं हसतात, हसू देत.

पोलिसात मी शिपाई म्हणून लागले आणि उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले. मधली सगळी वर्षं चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतच गेली. घुग्घुसच्या धुळीत ट्रकवाल्यांची भांडणं सोडवली, आलापल्लीला सागवान चोरांच्या मागे जीपमध्ये आदळआपट करून घेतली. त्यातलं बरंच विसरले. ही मात्र विसरता येत नाही. नावं कुणाची देत नाही, गावाचंही नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात.

त्या वेळी मी पोंभुर्ण्याच्या बाजूच्या एका ठाण्यात होते. उन्हाळ्याची दुपार. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत बसला होता, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. एक अंगणवाडी सेविका आली. समोर पाण्याचा ग्लास ठेवला तर तिनं हात लावला नाही.

"मॅडम, मी इथी आली हे कोणाले सांगू नका."

"नाही सांगत. काय झालं?"

"उद्या सकाळी गावाची पंचायत बसणार हाय. म्हातारीले मधात उभी करणार हायत. तिच्या घराभोवती राख टाकली त्यायनं."

म्हातारी म्हणजे कोण ते मला लगेच कळलं, कारण त्या गावचा एक अकस्मात मृत्यू आमच्याकडे आधीच दाखल होता. विशीतला तरुण पोरगा. दोन मित्रांबरोबर आंध्रात मिरची तोडायला गेला होता. एक मित्र तिकडेच कामाला राहिला, हा दुसऱ्याबरोबर गावी परत आला तो लंगडतच. काटा लागला म्हणाला. मांडी सुजली, मग काळी पडली. त्याची काकू, म्हणजे त्याच्या वडिलांच्या भावाची विधवा, नदीकडच्या टोकाला एकटी राहायची. तिनं पाला वाटून मांडीवर बांधला. ताप चढत गेला. घरच्यांनी एका मांत्रिकाला बोलावलं, त्यानं काकूचं नाव घेतलं, त्यात आणखी वेळ गेला. चंद्रपूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता.

शवविच्छेदनात त्याच्या मांडीतून एक हाड निघालं. माणसाचं नव्हे. बोटाएवढं, चपटं, दोन्ही कडांना करवतीसारखे दाते. डॉक्टर म्हणाले, असं मी कधी पाहिलं नाही. ते सीलबंद करून तपासणीला पाठवलं, पण अहवाल कधी येईल याचा नेम नव्हता. गावाला तोवर थांबायचं नव्हतं. करणी केली की माणसाच्या अंगात हाड घालतात, असं तिकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं. इथं तर खरंच हाड निघालं होतं, तेही सरकारी डॉक्टरच्या हातून. आणि त्याच जागी पाला बांधणारी एक एकटी म्हातारी होती.

शिवाय पोरगा मरताना एकच वाक्य बोलत होता. ते मला दवाखान्यातल्या नर्सनंही सांगितलं, त्याच्या आईनंही सांगितलं.

"वाळू पाहून राह्यली माह्याकडे."

म्हातारीचं घर नदीच्या वाळूवर होतं.

मी हवालदाराला घेऊन निघाले. गावात शिरलो तेव्हा ओट्यांवर माणसं बसलेली होती. टोकाच्या घराभोवती राखेची पांढरी रेघ, दारात कापलेली लिंबं. हातपंप रेघेच्या बाहेर. लहान पोरंसुद्धा रेघेपासून लांब उभी होती, आणि पोरं कधी एवढी गप्प उभी राहतात का? मी रेघ ओलांडली तशी मागं एका बाईनं तोंडावर पदर घेतला. हवालदार माझ्या मागोमाग यायच्या आधी थोडा थांबला. मी ते पाहिलं.

म्हातारी आत अंधारात भिंतीला टेकून बसली होती.

"पोलीसबाई, चहा पाजला असता तुले. पण पाणीच नाई."

"काकू, पाल्यात काय होतं?"

"निरगुडी. तुह्या पायाले लागलं तर तुले बी बांधीन." मग म्हणाली, "लेकरू होतं माहं ते. आईपेक्षा माह्याच घरी जास्त खाये."

हवालदारानं हातपंपावरून तिला घागर भरून आणली. त्यानंतर मी ग्रामपंचायतीच्या खोलीत एकेकाचे जबाब घ्यायला बसले. हाड सीलबंद होतं, पण डॉक्टरांनी काढलेला फोटो मी छापून घेतला होता. तो घडी घालून प्रत्येकाच्या हातात द्यायचा, असं ठरवलं. पोलीस पाटलांनी घडी उघडून फोटो डोळ्यांजवळ नेला. सरपंच उजेडात गेले. आईनं त्यावरून बोट फिरवलं आणि खाली ठेवला. न पाहिलेली वस्तू माणूस बघतोच, कितीही घाबरला तरी बघतो.

मग त्याचा मित्र आला, बरोबर परत आलेला. धडधाकट पोरगा, पण खांदे पडलेले.

"काटा कशाचा लागला होता त्याला?"

"बाभळीचा."

"मिरचीच्या वावरात बाभूळ?"

"धुऱ्यावर होती, मॅडम. बांधावर."

मी घडी त्याच्या हातात दिली. त्यानं ती तशीच परत माझ्यासमोर ठेवली, न उघडता, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

मी आवाज चढवला नाही. आरडाओरडा केला की खोटं बोलणाऱ्याला सोपं जातं, त्याला रडता येतं. मी त्याला चहा दिला आणि म्हातारीचं बोलत राहिले, तिला पाणी नव्हतं ते सांगितलं. मग सहज म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, एवढंसं हाड, घरच्यांनीच ओढून काढलं असतं तर पोरगा वाचला असता."

"निघत नाई ते," तो म्हणाला. "दाते उलटे हायत त्याचे."

हवालदाराची लेखणी थांबली. मी घडी उघडून फोटो त्याच्यासमोर सरकवला.

"तू तर हे पाहिलंच नाहीस अजून."

त्यानं फोटो पालथा घातला. नंतर बोलला ते टेबलाकडे बघूनच.

"मीच मारला त्याले, मॅडम. माह्या हातानं तुटलं ते."

त्यानं सांगितलेलं असं. मिरचीचं काम संपल्यावर तिघा मित्रांनी समुद्र बघायचं ठरवलं. कुणीच पाहिला नव्हता. घरी चोरून गेले, कारण मरण पावलेल्या पोराचे वडील वैनगंगेत बुडालेले, आणि खोल पाण्यात उतरणार नाही अशी आईनं त्याच्याकडून शपथ घेतली होती. किनाऱ्यावर गुडघाभर पाणी, नितळ. तिघं नदीकाठचे. बांबूला छत्रीच्या काड्या बांधून भाले केले आणि मासे मारायला उतरले. दुरून दोन तेलगू कोळी हातवारे करून ओरडत होते.

"आम्हाले वाटलं, हाकलून राह्यले," तो म्हणाला. "आम्ही बी हात केला. हसलो."

"मग?"

"खाली नुसती वाळू होती. साफ. आन् वाळूनं डोये उघडले, मॅडम."

हवालदार त्याच्याकडे बघतच राहिला. मी म्हटलं, पुढं सांग.

"दोन डोये. वाळूतूनच. यानं भाला मारला तं अख्खी जमीन हालली पायाखालची. परातीएवढा चपटा मासा होता, वाळू पांघरून बसलेला. मग यानं पाय देल्ला त्याच्यावर."

इथं वाचणाऱ्यांना एक सांगायला हवं. आमच्या नदीत भाल्यानं मरळ मारली की लगेच तिच्यावर पाय देऊन चिखलात दाबून धरतात, नाहीतर ती भाल्यावरून सुटून जाते. मग वाकून मानेजवळ हात घालायचा. पोरं चालायला लागली की हे शिकतात. त्या पोरानं समुद्रात तेच केलं. त्या माशाला कोकणात पाकट म्हणतात. त्याच्या शेपटीत विषारी, दातेरी काटा असतो आणि पाय पडला की ती शेपटी उलटी वर येते. वाकलेल्या पोराच्या मांडीत काटा पूर्ण घुसला. मित्रानं ओढला, शेपटी हातात आली, काटा आत मोडून राहिला. भोक लहान होतं, रक्त थांबलं. आईला कळू द्यायचं नाही म्हणून बाभळीचा काटा ठरवला, आणि तसेच रेल्वेत बसले.

"म्हातारीच्या घराभोवती राख पडली तेव्हा तरी बोलायचं होतंस," मी म्हटलं.

"बोललो असतो तं फाशी झाली असती ना मले?"

तो खरंच तसं समजत होता. या भीतीपायी तो एका म्हातारीला मरू द्यायला तयार झाला होता, आणि तरी तो वाईट पोरगा नव्हता. हे दोन्ही एकाच माणसात असतं, ते मी त्या खोलीत पाहिलं.

तिकडे राहिलेल्या तिसऱ्या मित्राला फोन लावला. त्यानं मोबाईलवर तेव्हा चित्रण केलं होतं, ते लगेच पाठवलं.

सकाळी गाव जमलं. आम्ही बंदोबस्त लावला होता. मित्रानं सगळ्यांसमोर, पोराच्या आईच्या पायाशी बसून, सगळं सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. शेपटीत हाड असलेला मासा कुणी पाहिला होता? मग मी मोबाईलवरचं ते चित्रण सगळ्यांना दाखवलं, तालुक्याहून मागवलेल्या स्पीकरला जोडून. मेलेल्या पोराचं हसणं गावभर ऐकू आलं. पाणी दिसत होतं, खाली वाळू, आणि त्या वाळूत हळूच दोन डोळे उघडले. माणसं मागं सरली. पुढं नुसता आरडाओरडा आणि आभाळ.

आईनं मोबाईल मागून घेतला. पुन्हा लावायला सांगितला. मासा बघायला नव्हे. पोरगा हसतो तेवढाच भाग ती ऐकत राहिली, आणि तिला थांब म्हणायची हिंमत माझ्यातही नव्हती.

ज्या मांत्रिकानं म्हातारीचं नाव घेतलं होतं त्याच्यावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल केला. पंचांना समज दिली. मित्रावर खुनाचा गुन्हा नव्हताच, त्याचा जबाब घेऊन सोडलं. पुढं अहवाल आला, तोही माशाचा काटा असाच. कागद बंद झाला.

निघताना म्हातारीला सांगायला गेले की काकू, आता कुणी त्रास देणार नाही. ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. हात थांबवले नाहीत तिनं.

"मासा सापडला म्हणून मी सुटली," ती म्हणाली. "नाई सापडला असता तं?"

नोकरीत मला वाटायचं, पोलिसाचं काम म्हणजे कुणी केलं ते शोधणं. कुणीच केलेलं नाही हे शोधायलाही तेवढंच राबावं लागतं, हे या केसनं शिकवलं. लोकांना उत्तर नसलेली जागा सहन होत नाही, ते तिथं सगळ्यात एकटं माणूस आणून बसवतात. हे मी पुढं शिपायांच्या प्रशिक्षणातही सांगत आले. त्या दिवशी मात्र मी म्हातारीच्या दारातच उभी होते. जीपचं इंजिन चालूच होतं, हवालदार हाक मारत होता, आणि ती मान वर करून, सूप हलवत, उत्तराची वाट बघत होती.