चालून दाखव

ताईच्या प्रत्येक पातळावर एक फिकट जागा असायची. उजव्या मांडीवर, गुडघ्याच्या चार बोटं वर. चौथ्या वर्षी तिला मोठा ताप आला आणि उतरताना त्या पायातला जोर घेऊन गेला. भार पडला की गुडघा मिटायचा. म्हणून पाऊल टाकताना ती उजव्या हाताने मांडी मागे दाबायची, गुडघा ताठ करायची आणि मग सगळं अंग त्या पायावरून पलीकडे न्यायची. दिवसभर तळहात त्याच जागी पडत राहायचा, आणि नवंकोरं पातळसुद्धा सहा महिन्यांत तिथे विरायचं. आई आतून तुकडा लावून द्यायची. डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितली होती. "म्हातारी झाले का मी?" एवढं म्हणून ताईने तो विषय कायमचा मिटवला होता.

तिला दोनदा बघायला आले. पायाचं आधीच कळवलेलं असायचं, आमच्याकडे लपवाछपवी नव्हती. तरी पोहे खाऊन झाले की पाहुण्यांमधली एखादी बाई गोड आवाजात म्हणायचीच, "जरा चालून दाखव हं." ताई भिंतीपासून दारापर्यंत जायची, परत यायची, आणि ज्यांनी चालायला सांगितलं तेच लोक तेवढा वेळ छताकडे बघत बसायचे. मला त्यांची डोकी फोडावीशी वाटत. दुसरा नकार आला तेव्हा ताई म्हणाली, "पुढच्या वेळी मला आधीच पाटावर बसवून ठेवा. आणि म्हणावं, तशीच उचलून न्या." आम्ही हसलो. आई उठून आत गेली.

तेव्हा आम्ही अंधेरीला राहायचो. दोन खोल्या आणि पुढे लांबलचक सामाईक गॅलरी. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. आमच्या चाळीमागे एक मोठा तबेला होता. त्यातल्या म्हशी आरे कॉलनीत गेल्या आणि तो रिकामा पडला, तो एका नाचणाऱ्या बाईंनी भाड्याने घेतला. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि मला नाचाचं वेड लागलं होतं. बाबांनी आठवडाभर बाईंची चौकशी केली. मग म्हणाले, "ताई बरोबर जाणार असेल तर जा." म्हणजे बावीस वर्षांची ताई माझी राखणदार झाली. दर रविवारी सकाळी ती तबेल्याच्या एका कोपऱ्यात, जुन्या गव्हाणीच्या कठड्यावर, विणकाम घेऊन बसायची.

लोक बाईंच्या नाचाला बॅले म्हणायचे. बाई नुसतं 'काम' म्हणायच्या. दहा वर्षं त्यांनी जुन्या वळणाचं नृत्य केलं होतं आणि एक दिवस सोडून दिलं होतं. का, हे विचारायची आमची छाती नव्हती. त्यांच्याकडे घुंगरू नव्हते, मुद्रा नव्हत्या. पहिले दोन महिने त्यांनी आम्हा आठ मुलींना त्या फरशीवरून नुसतं चालवलं. मी घरी येऊन कुरकुर करायची, की चालायला मला पहिल्या वर्षापासून येतं. मग त्यांनी आम्हाला मागच्या दगडाच्या खाणीवर नेलं. तिथे बाया डोक्यावर खडीच्या पाट्या घेऊन चढत होत्या. बाई म्हणाल्या, "पायाकडे बघू नका. वजन बघा. कुठून निघतं, कुठे थांबतं, कुठे सांडायला येतं ते बघा. नाच तेवढाच. बाकीची सगळी सजावट." उन्हात तासभर उभी राहिल्यावर मला ते दिसायला लागलं. पोटातून निघून टाचेत उतरणारं वजन. त्यानंतर रस्त्यावरचा कुणीही माणूस मला साधा चालताना दिसला नाही.

त्या खाणीवरच त्यांनी नवीन बॅले बसवायला घेतला. शेवटी एक बाई, जिचा पाय दगडाखाली सापडून अधू झालाय, ती एकटी डोक्यावर पाटी घेऊन रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, असं होतं. ती चाल आमच्यापैकी कुणालाच जमेना. आम्ही लंगडायचो, आणि बाई कपाळाला हात लावायच्या.

एका रविवारी ताई पाणी प्यायला उठली आणि तबेला ओलांडून माठाकडे गेली. बाई एकदम ओरडल्या, "थांब! परत चाल."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता ही रडणार आणि आपला नाच संपला. पण ती म्हणाली, "का हो बाई, कुणासाठी स्थळ बघताय वाटतं?"

बाईंना ते कळलंच नाही. त्या जमिनीवर उकिडव्या बसल्या, डोळे ताईच्या मांडीवरच्या हाताच्या उंचीवर आणून, आणि म्हणाल्या, "चालून दाखव."

ताई चालली. बाईंनी छताकडे बघितलं नाही. त्या बसल्या बसल्या तिच्याबरोबर सरकत गेल्या, आणि ती भिंतीपाशी पोचल्यावर आम्हाला म्हणाल्या, "बघितलंत? हिचं वजन लपत नाही. प्रत्येक पावलाला ही पडणार असते आणि पडत नाही. हे मला हवंय." मग परत ताईकडे वळून, "पुन्हा एकदा. किती सुंदर आहे हे, तुला कुणी सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. आम्हीसुद्धा.

पुढचे सहा रविवार ताई चालली. विणकाम घरीच राहायला लागलं. ती केसात अबोलीचा गजरा माळायला लागली. डोक्यावर रिकामी पाटी घेऊन ती घरात चालून बघायची. आईला म्हणाली, "शेवटचं काम माझं आहे गं. सगळ्या बाजूला होतात आणि मी एकटी जाते." बाबांनी त्यांच्या कचेरीत सांगितलं. तिला इतक्या आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

प्रयोगाला पाच आठवडे राहिले तेव्हा बाईंनी मला एकटीला थांबवून घेतलं. "ते शेवटचं तू करायचंस," त्या म्हणाल्या. "जन्मभर तिच्या शेजारून चालली आहेस, तुझ्या अंगात ते असणार." मी विचारलं, "आणि ताई?" त्या म्हणाल्या, "तिला स्टेजवर आणलं तर लोक पायाकडे बघतील, चालीकडे नाही. हळहळतील. मला हळहळ नकोय." मग म्हणाल्या, "तिला तू सांगतेस की मी सांगू?"

मी म्हटलं, "मी सांगते."

बाईंचं म्हणणं चूक होतं असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण मी विचार त्याचा केलाच नाही. मला ते काम हवं होतं. तबेल्याच्या दारात ताई माझी वाट बघत उभी होती, आणि मी मनातून उड्या मारत तिच्याकडे गेले, आणि सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "बाई म्हणतात, मीपण शिकून ठेवायचं. न जाणो, तुला बरंबिरं नसलं तर."

"मग शीक की," ताई म्हणाली.

संध्याकाळी गॅलरीत तिने मला शिकवलं. हात कुठे ठेवायचा, अंगठा आत की बाहेर, श्वास कधी सोडायचा. मी दहादा गॅलरी पालथी घातली. ती डोकं हलवत राहिली. "सगळं बरोबर आहे गं, पण खोटं वाटतं. तुला पडायची भीतीच नाही ना." मग तिने मला गुडघा सैल सोडायला लावला आणि खरोखर पडू दिलं. दोनदा, तीनदा. माझी कोपरं सोलवटली. चौथ्या वेळी मी घाबरले, आणि ती टाळी वाजवून म्हणाली, "हां! आता आलं."

त्याच आठवड्यात आईला हिवताप झाला आणि स्वयंपाक ताईवर पडला. तालमी आता सांताक्रूझच्या एका शाळेच्या सभागृहात, खऱ्या स्टेजवर होत्या, आणि बाबांनी मला बाकीच्या मुलींबरोबर जाऊ दिलं. मी तिला सांगितलं, "बाई म्हणाल्या, तुला तालमीची काय गरज. त्या दिवशी आलीस तरी चालेल." ते तिने खरं मानलं. का मानू नये? बाईंनी तिचं एक जुनं पातळ मागवलं, ती फिकट जागा असलेलं. ताईने जांभळ्या काठाचं निवडलं, दोनदा धुतलं, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली आणि घडी माझ्या हातात दिली. "नीट ने. मला नेसायचंय."

मी घेतली. जीभ टाळ्याला चिकटली होती, असं सांगून सुटता आलं असतं. तसं काही नव्हतं. मला फक्त प्रयोग होऊन जायला हवा होता.

रविवारी दुपारचा प्रयोग होता. बाबा सभागृहात जाऊन बसले. ताई माझ्याबरोबर आत, मेकअपच्या खोलीत आली, गजरा माळून. मुली तयार होत होत्या. बाईंनी ते जांभळ्या काठाचं पातळ उचललं आणि माझ्या खांद्यावर टाकलं. "चल, नेस लवकर."

ताईने पातळाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी खाली बघत होते.

बाईंना काहीतरी जाणवलं. त्यांनी मला विचारलं, "हिला सांगितलं नाहीस तू?"

"सांगितलं होतं तिनं," ताई म्हणाली. "माझ्याच डोक्यातून गेलं बघा."

मग ती माझ्यासमोर बसली आणि मला पातळ नेसवायला लागली. तिने निऱ्या घातल्या, खोचल्या, थोड्या काढून पुन्हा घातल्या. ती फिकट जागा नेमकी माझ्या तळहाताखाली येईपर्यंत तिने सोडलं नाही. "हात ठेव," ती म्हणाली. मी ठेवला. "हं. बरोबर." आणि ती बाहेर जाऊन बाबांच्या शेजारी बसली.

मी चांगली नाचले. हे सांगायला हवं, कारण वाईट नाचले असते तर बरं झालं असतं. सगळ्या मुली बाजूला झाल्या, ढोल थांबला, आणि मी एकटी निघाले. चौदा पावलं होती. प्रत्येक पावलाला मी पडणार होते. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. लोक छताकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी पलीकडे पोचले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी विंगेतून खूण केली, आणि मी नमस्कार करायला पुढे आले.

धावत आले. दोन्ही पायांनी, ताईचं पातळ नेसून. ते माझ्या लक्षात आलं तोवर मी स्टेजच्या कडेला उभी होते आणि समोर ताई होती. ती टाळ्या वाजवत होती. बाबांचे हात मांडीवर होते.

बाहेर पडलो तेव्हा अजून उजेड होता. बाबा स्टेशनाच्या दिशेने पुढे निघून गेले. मी नेहमीसारखी ताईच्या डाव्या बाजूला, तिच्या चालीने चालायला लागले. काहीतरी बोलायचं होतं. ती थांबली.

"तू पुढे हो," ती म्हणाली. रागाने नाही.

मी दहा पावलं गेले आणि मागे वळून पाहिलं. ती तिथेच उभी होती. मी पुन्हा पुढे बघेपर्यंत तिने पाऊल उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाबांना म्हणाली, "येताना मला एक काठी आणा."

मी वर्षभराने बाईंकडे जायचं सोडलं. ताईने लग्न केलं नाही. बोरिवलीला एका बालवाडीत शिकवलं, मुलं तिच्यावर जीव टाकायची. माझ्याशी ती हसायची, चेष्टा करायची, माझ्या मुलांचे स्वेटर विणायची. पण मी गेले की ती बसलेली असायची, आणि निघाले तरी बसलेलीच. "तू हो पुढे, मी ओढून घेते दार." मी एकदा माफी मागितली. ती म्हणाली, "कसली गं?" आणि चहा पिऊन जा म्हणाली.

ती गेल्यावर तिची ट्रंक मीच आवरली. सतरा पातळं निघाली. उजेडात धरून मी एकेक उलगडलं, उजव्या मांडीवर येईल तो भाग पुन्हा पुन्हा बघितला. एकाही पातळावर ती फिकट जागा नव्हती.